पाणाड्याचा अंगठा

माझी पहिली कादंबरी परत आली त्या दिवशी मी बारामतीच्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातले क्षार मोजत होते. प्रकाशकांचा फोन होता. गृहस्थ भले, त्यांनी आधी पाच मिनिटं कौतुक केलं. तुमचं राज्य छान उभं राहिलंय, म्हणाले. नद्या आटलेलं ते पठार, दगडांच्या पोटात राहणारी माणसं, पाण्यावर पहारा देणारे बोलके पक्षी, सगळं डोळ्यांपुढे येतं. मग म्हणाले, "फक्त एक अडचण आहे. तुमच्या नायकाचा कंटाळा येतो."

मी फोन ठेवला आणि उरलेले नमुने तपासले. राग आला की माझ्या हातून काम नीट होतं.

माझा नायक पाणाड्या होता. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस म्हणजे पाणाड्या. आमच्या इंदापूर तालुक्यात विहीर खणायची किंवा बोअर पाडायचं ठरलं की शिकलेल्या साहेबाला विचारोत न विचारोत, पाणाड्याला विचारतातच. माझ्या कादंबरीतला पाणाड्या तर राजाचा होता. तो अनवाणी चालू लागला की खडकाखालच्या नद्या त्याला हाका मारत. त्याला भीती ठाऊक नव्हती, कुणाचा मोह नव्हता, आणि त्याच्या हातावरचा नारळ कधी चुकत नसे. चारशे पानं तो एकदाही चुकला नाही. नायक म्हणजे असाच असतो, अशी माझी समजूत होती.

ही समजूत कुठून आली ते सांगणं मला जरा अवघड जातं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील पाणाड्या होते.

आम्ही निरवांगीचे. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणते. त्यांची पद्धत नारळाची. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे. चपला काढून रानातून सावकाश चालायचं. खाली पाणी असेल तिथे नारळ आपसूक उभा राहतो, शेंडी आभाळाकडे करून. मग तिथे दगड ठेवायचा आणि घरच्या बाईने त्याला हळदकुंकू वाहायचं. तात्या या कामाचे पैसे घेत नसत. घेतले तर गुण जातो म्हणतात. फक्त तो नारळ घरी आणायचे. आई होती तोवर आमच्या घरातली खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही. मला ती अजूनही आवडत नाही.

माझा नारळावर विश्वास नाही. मी विज्ञान शिकले, पाण्याचाच अभ्यास केला. लागलेलं पाणी लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात आणि न लागलेलं विसरतात, असं मी एकदा तात्यांना तोंडावर म्हणाले होते. ते हसून म्हणाले, "आसंल बाय. तू तुजं यंत्र आन, मी माजा नारळ आनतो." वाद तिथेच संपला. घरात ज्या नारळावर मी विश्वास ठेवला नाही, तोच कादंबरीत अचूक करून टाकला. लहानपणी मला बाप तसाच हवा होता, एवढंच त्यातलं खरं.

नऊ वर्षांपूर्वी तात्यांनी नारळ धरणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. त्याच गुडघ्यांनी ते सायकल मारत रानात जायचे, पण आम्ही कुणी खोलात शिरलो नाही. त्याच सुमारास त्यांनी आत्याकडे जाणंही सोडलं.

आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, त्यांची आक्का, लासुर्ण्याला दिलेली. माझी आजी लवकर गेली, तेव्हा या आत्याने धाकट्या भावाला काखेत घेऊन वाढवलं. लग्न होऊन जाताना ती रडली नाही, हाच रडला, असं सगळे सांगतात. आत्या वाचणारी बाई. भेळेचा कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय टाकायची नाही. इंदापूरच्या बाजारातून ती भाजीबरोबर माझ्यासाठी राक्षस-पऱ्यांची पुस्तकं आणायची, आणि आधी स्वतः वाचून मग मला द्यायची. मी पुढे जे काही लिहिलं ते सगळ्यांत आधी तिला दाखवलं. कौतुक करायची नाही. "ह्यो राक्षस लई लवकर मेला," एवढंच म्हणायची.

तर या बहिणीकडे तात्या जाईनात. भाऊबीज आली की त्यांचं काहीतरी निघायचंच. एकदा पाण्याची पाळी, एकदा ताप, एकदा गाय व्यायला झालेली. मग साडी घेऊन मी जायचे. आत्या तबक तयार ठेवून बसलेली असायची. मला बघितलं की तबक देव्हाऱ्यापाशी सरकवायची आणि विचारायची, "गुडगं कसं हायती त्येचं?" मी म्हणायचे, तसेच आहेत. ती लाडवांचा डबा भरून द्यायची.

तात्यांनी शेवटचा नारळ धरला तो आत्याच्याच रानात, हे मला माहीत होतं. मी तिथे हजर होते. नोकरीला नुकतीच लागले होते आणि नारळाचं गौडबंगाल एकदा जवळून बघायचंच, असं ठरवून गेले होते.

आत्याची जमीन लासुर्ण्याच्या वरच्या अंगाला, माळाची. तिथे तेव्हा कॅनॉलचं पाणी पोचत नव्हतं. तिने डाळिंबाची नवी बाग लावली होती आणि विहिरीने तळ गाठला होता. बोअरची गाडी मिळायची मारामार, म्हणून ती आधीच बोलावलेली. गाडी येऊन बांधाला उभी होती. आत्याचे दीर, जाऊ, शेजारपाजारचे सगळे जमले होते. आत्या पहिलं पाणी धरायला तांब्याची घासलेली कळशी घेऊन उभी होती. तात्यांनी तीन वेळा सगळं रान पालथं घातलं. चौथ्या खेपेला पूर्वेच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. मी दोन हातांवर होते आणि पापणी लववली नव्हती. माझा जीव अगदी चडफडला, कारण मला त्यात काही खोट सापडली नाही.

गाडीने दुपारभर जमीन भोसकली. वर आला तो नुसता पांढरा फुफाटा. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे दिसत होतो आणि ओल म्हणून कुठे नव्हती. कुणी कुणाला बोललं नाही. दीर म्हणाले, "तात्या, जमिनीच्या पोटातलं कुनाला कळतंय." आत्याने कळशी पदराने पुसली आणि पालथी घातली. त्या उन्हाळ्यात डाळिंबाची बाग वाळून गेली. पुढे कॅनॉलवरून पाइपलाइन आली, आता तिथे ऊस उभा आहे. कुणी देशोधडीला लागलं नाही. फक्त भाऊ बहिणीकडे जायचा थांबला. लाज वाटत असेल, चुकला ना नारळ, असं मी मनाशी म्हणून टाकलं होतं.

कादंबरी परत आली त्यानंतर महिन्याभरात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ नको, ऊन नको, दर दोन तासांनी थेंब. भाऊ-वहिनी दिवसभर रानात, म्हणून मी रजा काढून निरवांगीला राहिले. काळा चष्मा लावून तात्या ओसरीवर बसून असायचे. रिकामं बसायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्ये परत आल्यालं लिवान हाय न्हवं तुजं? वाच की त्येच." परत आलेलं हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, पण मला लागायचा तो लागलाच.

मी वाचू लागले. तहसीलमधला निकाल ऐकावा तसे ते ऐकत. तिसऱ्या दुपारी त्यांनी हात वर केला.

"ह्यो तुजा पानाड्या खोटा हाय."

"तात्या, ही कल्पनेतली गोष्ट आहे. यात पक्षी बोलतात."

"बोलू द्येत की. पक्ष्यांचं मला पटलं. ह्येचंच पटंना. नारळ हातावर ठिवलाय आन ह्येला भ्या वाटत न्हाय?"

"भ्यायचं कशाला? त्याचा नारळ चुकत नाही."

"आगं, नारळ हातावर ठिवला की पयलं भ्याच वाटतं. समदी मानसं टकामका बघत्यात. त्यास्नी पानी पायजेल आसतंय. तुज्याकडनंच पायजेल आसतंय." त्यांनी आपला तळहात उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "आक्काच्या रानात नारळ हुबा राह्यलाच न्हवता."

"मी तिथेच होते, तात्या. उभा राहिला होता."

"आंगठ्यानं हुबा केला."

शेजारी डोळ्यांच्या औषधाची बाटली होती. ती त्यांनी तळहातावर आडवी ठेवली आणि हात पुढे धरला. बाटली सावकाश उभी राहिली. मला अंगठा दिसला नाही. मी म्हणाले, परत करा. त्यांनी परत केलं. माहीत असूनही मला नुसती बाटलीच दिसली.

"तीन येळा समदं रान चाललो. कायबी न्हाय. गाडी बांधाला हुबी, आक्का कळशी घिऊन हुबी. तिला न्हाय म्हनाय माजं त्वांडच उगडंना. वाटलं, आसंल बी हितं खाली. न्हवतं." मग चष्मा नीट करत म्हणाले, "थेंब घालायची येळ झाली का बग."

मी थेंब घातले. मला राग आला, नऊ वर्षं गुडघ्यांच्या नावाखाली गप्प बसले म्हणून. त्यांची कीवही आली. पण ती नंतर. सगळ्यांत आधी जे मनात आलं ते चांगलं नव्हतं. आधी आलं ते हे, की नायक सापडला.

पुढच्या चार महिन्यांत मी कादंबरी पुन्हा लिहिली. नद्या हाका मारायच्या बंद केल्या. निम्मे पक्षी उडवून लावले. राजाचा पाणाड्या आता भ्यायचा. रात्रीचा जेवायचा नाही, नारळ हातावर घेताना त्याला घाम फुटायचा. आणि एकदा, त्याच्यावर जीव लावणारी राणी चांदीचं भांडं घेऊन समोर उभी असताना, त्याने अंगठ्याने नारळ उभा केला. सगळं राज्य त्या जागेवर खणू लागलं.

गंमत अशी झाली की नायक दुबळा झाला आणि जादू मात्र वाढली. आधी नारळ म्हणजे नळाची तोटी होती, पिळली की पाणी. आता तो हातावर ठेवला की वाचणारा श्वास धरणार, कारण काहीही होऊ शकतं. अद्भुत गोष्टी लिहिणाऱ्यांची, निदान माझी, ही जुनी खोड. जग इतकं नवलाचं उभं करायचं आणि मग त्यात माणूस असा सोडायचा की त्याला कशाचंच नवल नाही. दगडात राहणाऱ्या लोकांचं राज्य कुणी पाहिलेलं नाही. तिथे वाचणाऱ्याने शिरायचं तर धरायला ओळखीचं काहीतरी लागतं. नारळाची विद्या कुणाच्या ओळखीची नसते. आपल्या माणसाला नाही म्हणता न येणं सगळ्यांच्या ओळखीचं असतं. प्रकाशकांनी या वेळी कौतुकाला पाच मिनिटं घेतली नाहीत. छापतो म्हणाले.

मी तात्यांना सांगितलं, तुमचा अंगठा पुस्तकात घेतलाय. 

"आक्काच्या हातात पडाय नको."

"तात्या, त्यात राजा आहे, राणी आहे. कुणाला काय कळणार?"

"तिला कळंल." मग म्हणाले, "पुस्तक तुजं हाय. मी काय सांगू?"

छापू नको, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनाही नाही म्हणता येत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. गुपित त्यांचं होतं, छापलं मी. कितीही सभ्य शब्दांत मांडलं तरी ते तेवढंच आहे. पुस्तक आलं तेव्हा ते मी आत्याला दिलं नाही. असं पहिल्यांदाच होत होतं. तिने फोनवर विचारलं तेव्हा अजून छापून यायचंय, असं सांगून टाकलं. शेवटी मुलगी तात्यांचीच.

त्यानंतर एका रविवारी मी निरवांगीला गेले होते. तात्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. अकराच्या सुमाराला फाट्यावर वडापची जीप थांबली आणि आत्या उतरली, हातात कापडी पिशवी. सत्तरी उलटलेली बाई, लासुर्ण्याहून एकटी आली होती. तात्यांनी तिला लांबूनच ओळखलं, डोळे आता चांगले झाले होते. ते उठले नाहीत. नुसत्या शेंगा थांबल्या.

आत्या बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. माझंच.

"सुनंनं मोबाईलवरनं मागवलं," ती मला म्हणाली. "तू म्हनलीस छापायचंय, आन हिकडं तिला फोटू दिसला. म्हनलं, पोरगी मला द्येत न्हाय म्हंजी कायतरी आसंल त्येच्यात."

जमीन दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते. तिने पुस्तक उघडलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ते पान कोणतं ते मला न बघता कळलं. तिने वाचलं काही नाही. पुस्तक तात्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्यो तूच हायस न्हवं, लेका?"

"व्हय," तात्या म्हणाले. "आक्का, मला तवा..."

"मला तवाच ठावं व्हतं."

तात्यांनी मान वर केली. मीही.

"कुनी सांगितलं?"

"कोन सांगनार? मी हुबी न्हवते व्हय तितं?"

"मग बोलली का न्हाईस? गाडी माघारी धाडली आसती. बाग वाळली तुजी."

"दिराच्या म्होरं बोलू? जावंच्या म्होरं? त्या घरात आल्यापास्नं माज्या भावाचा नारळ, माज्या भावाचा नारळ करत आले. चारचौघांत तुला खोटा पाडू व्हय? तुला मला न्हाय म्हनवलं न्हाय. मलाबी तुला म्हनवलं न्हाय." मग तिचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बागंचं काय घिऊन बसलास? बाग पुना लावता येती. नऊ वरसं मी तबक घिऊन बसतीया भाऊबिजंला. त्येचं काय करू?"

तात्यांनी ओंजळीतल्या शेंगा सुपात टाकल्या. मग त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि तसेच तिच्या पायांवर ठेवले. आत्याने ते उचलले आणि आपल्या मांडीवर घेऊन बसली. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. आतून ऐकू आलं, "औंदा येनार का न्हाईस?" आणि तात्यांचं, "येतो."

चहा घेऊन आले तेव्हा आत्या पुस्तक हातात घेऊन पानं चाळत होती. आता माझी पाळी, हे मला कळलं.

"बरं लिवलंयस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. "पानाड्या चांगला हाय. त्येचं वाचताना रडू आलं. पन ती रानी तेवडी कच्ची हाय."

"कच्ची म्हणजे?"

"नुसती भांडं घिऊन हुबी ऱ्हाती. तिला डोळं न्हाईत व्हय?"

 नायकाला मी भीती दिली, घाम दिला, खोटेपणा दिला. तिच्या हातात फक्त भांडं दिलं होतं.

"आत्या, पण तुला दिसलं कसं? मी तर पकडायचं म्हणूनच आले होते. दोन हातांवर उभी होते. नारळावरनं नजर काढली नाही. मला अंगठा दिसला नाही. अजूनही दिसत नाही."

आत्याने बशीत चहा ओतला आणि आधी तात्यांच्या हातात दिला.

"तुमी समदी नारळाकडं बघत व्हता," ती म्हणाली. "मी ह्येच्या त्वांडाकडं बघत व्हते."